नवव्या हरणाची कड

खापरसाहेबांच्या घरी रफूबाई पहिल्यांदा गेली ती एका टेबलक्लॉथला रफू करायला. सिगारेटनं पडलेलं बोटाएवढं भोक, तासाभराचं काम. "तेवढं काम उरकून बायको घरी आली सव्वीस वर्षांनी," असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. नवरा बस कंडक्टर. बोलायला त्याला कधी आग्रह करावा लागला नाही. रोज संध्याकाळी ती घरी येत होती, भाकऱ्या थापत होती, त्याचा खाकी शर्ट धूत होती, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही.

साहेब युरोपातले. कुठल्याशा थंड देशातले, जिथे म्हणे दुपारी तीनलाच अंधार पडतो. वडिलांचे तिकडे साबणाचे कारखाने. जगाला स्वच्छ करून कमावलेला तो पैसा आणि हा मुलगा आयुष्यभर घरात माती भरत बसला, याचं गल्लीला भारी हसू यायचं. तिशीत असताना दोन महिने फिरायला म्हणून एका मित्राबरोबर आले. मित्र परत गेला, हे राहिले. चढावर एक दुमजली घर घेतलं आणि बघता बघता ते खालपासून वरपर्यंत फुटक्या भांड्यांनी भरून टाकलं. हंड्या, वाडगे, दिवे, मण्यांच्या माळा, आणि खापरं, खापरं, खापरं. म्हणून ते खापरसाहेब. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि आवडायचंही. एकदा पोस्टमननं पाकिटावरचं नाव वाचून "असं इथे कुणी राहत नाही" म्हणत पत्र परत नेलं, तर साहेब फाटकापर्यंत धावत गेले आणि ओरडून म्हणाले, "अहो, मीच तो खापर!"

भाषा ते आचाऱ्याकडून शिकले होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सगळी स्वयंपाकघरातली क्रियापदं. सांधा वाळला नसला की "अजून शिजला नाही", एखादं भांडं खोटं वाटलं की "हे शिळं नाही, काल केलेलं आहे". आचारी त्यांच्याशी अदबीनं बोलायचा, म्हणून त्यांना सगळं आदराचंच बोलणं यायचं. मांजर कपाटावर चढलं तरी, "आपण आधी खाली उतरा!" मांजर काही उतरायचं नाही ती गोष्ट वेगळी.

तर तो टेबलक्लॉथ. रफू झाल्यावर साहेबांनी तो खिडकीशी नेला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. भोक कुठे होतं ते त्यांना सापडेना. चष्मा काढून त्यांनी पुन्हा बघितलं. मग त्या तिशीच्याही आत असलेल्या, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या बाईला म्हणाले, "बाई, तुम्ही मातीला रफू कराल का?"

तिला वाटलं साहेबाला ऊन लागलंय. पण तिनं होकार दिला. का दिला, हे तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. "ते टेबल बघितलं ना," एवढंच म्हणायची. खालच्या मोठ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली ते टेबल होतं, दहा माणसं जेवतील एवढं लांब. त्यावर वाळूनं भरलेली तबकं, वाळूत उभी खोचलेली अर्धीमुर्धी भांडी, रंगाच्या बशा, टोकदार ब्रश, सरसाची वाटी. सगळं जागच्या जागी. तिच्या घरी एक खोली, तीत चूल, शिलाईचं मशीन, नवरा आणि नवऱ्याची बडबड. इतकी मोठी, इतकी गप्प जागा तिनं आजवर पाहिली नव्हती.

काम तिला पटकन जमलं. खापर सुक्या ब्रशनं झाडायचं, बुडापासून सुरुवात करायची, एकेक तुकडा सरसानं लावायचा आणि मग भांडं वाळूत असं तोलून खोचायचं की तुकडा आपल्याच वजनानं जागी बसेल. घाई केली की संपलं. खालचा सांधा केसभर सरकला तर वर काठापर्यंत जाईतो तो बोटभर होतो. हे तर तिला शिवणकामातूनच माहीत होतं. पहिल्या महिन्यात तिनं तीन दिवे आणि एक सुरई उभी केली. साहेब खूश. आचारी म्हणाला, "बाई, तुमच्या पायगुणानं साहेब वेळेवर जेवायला लागले."

दुसऱ्या महिन्यात तो वाडगा आला.

लाल मातीचा, दोन ओंजळी मावतील एवढा. काठाखाली बाहेरून उठावाची हरणं, एकामागं एक पळणारी, नऊ. चौदा तुकडे होते त्याचे आणि त्यातला एक गायब. नेमकं नवव्या हरणाचं डोकं गेलं होतं. धड होतं, चारही पाय होते, शेपूट होती, आणि मानेचा बुंधा असा मागं वळलेला. बाकीची आठ सरळ समोर बघून पळताहेत. हे नववं मागं का वळलं? साहेबांना त्या वाडग्यानं वेडंच केलं. जेवताना तेच, फिरायला निघाले तरी तेच. त्यांचं मत असं की हरणांच्या मागं शिकारी आहे, शेवटच्या हरणाला त्याची चाहूल लागलीय आणि ते घाबरून मागं बघतंय. "या बाई, या," ते म्हणायचे, "हा कुंभार नव्हता नुसता. याला भीती माहीत होती."

मग आठ दिवसांसाठी साहेब परगावी गेले आणि जाताना वाडगा तिच्या ओटीत घालून गेले. तेरा तुकडे जोडा, गेलेल्या तुकड्याची जागा प्लास्टरनं भरा.

तेरा तुकडे तिनं झकास जोडले. प्लास्टर मात्र बसेना. डावीकडची कड अशी खरबरीत, दातेरी, की लावलेलं प्लास्टर वाळलं की त्या टोकांवरून भुगा होऊन गळायचं. एकदा लावलं, गळलं. दोनदा लावलं, गळलं. तिसऱ्यांदा ती वैतागली आणि तिनं तेच केलं जे तिनं हजार वेळा केलं होतं, जे तिच्या आईनं तिला सातव्या वर्षी शिकवलं होतं. फाटक्या कपड्याला रफू करायचं तर आधी भोकाच्या कडेचे सुटलेले दोरे कातरायचे. कड साफ केल्याशिवाय सुई लावायची नाही. तिनं ड्रॉवरमधली बारीक कानस घेतली आणि ती डावी कड घासून सरळ केली. नखभर. तिथेच हरणाच्या पाठीवर तांदळाएवढा एक उंचवटा होता. मातीचा खडा चिकटला असेल म्हणून तिनं तोही घासून टाकला. मग प्लास्टर असं बसलं म्हणता! रंग थोडा फिका ठेवला, साहेबांच्या सांगण्याप्रमाणे. साहेब आले, वाडगा हातात फिरवला आणि म्हणाले, "बाई, हा छान शिजला." ती त्या दिवशी घरी उडतच गेली.

तीन आठवड्यांनी घड्याळजीचं प्रकरण झालं. आठवड्यातून दोनदा एक घड्याळजी यायचा, भांड्यांना तारेचे स्टँड करून द्यायला. हात सोन्याचा. एकदा एका हंडीचं खापर बसेना म्हणून त्यानं त्याची कड जराशी घासली. जराशीच. साहेबांनी ते बघितलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. त्याची टोपी खुंटीवरून काढून आणली, त्याच्या हातात दिली आणि दार उघडून उभे राहिले. तो बिचारा माफी मागत होता, साहेब दाराबाहेर बघत होते.

तो गेल्यावर साहेबांनी रफूबाईला टेबलाशी बसवलं. डोळे मिटायला सांगितले. दोन खापरं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "भेटवा त्यांना." ती कडा एकमेकींवर सरकवत गेली आणि एके ठिकाणी, टक. बारीकसा आवाज, पण हातालाच कळतो. तुकडे एकमेकांना धरून बसले. "कळलं?" साहेब म्हणाले. "हजार वर्षांनी भेटले तरी ओळखतात. चित्र पुसेल, रंग जाईल, कड राहते. तिला हात लावणाऱ्याला या घरात जागा नाही."

रफूबाईनं मान वर केली. समोर कपाटात वाडगा ठेवलेला होता, फिक्या प्लास्टरचा. आता सांगावं, असं तिच्या ओठांशी आलं. आणि समोर खुंटी रिकामी होती. नाही सांगितलं तिनं. उद्या सांगू म्हणाली. असा उद्या कधी उजाडतो का?

वर्षं गेली, आणि काय वर्षं गेली! आज म्हातारपणी तिला विचारा, तिच्या तोंडून लग्नातल्या गोष्टी निघणार नाहीत एवढ्या त्या टेबलाच्या निघतात. शुक्रवारी सकाळी फाटक उघडं असायचं. पाया खणणारे गवंडी, नांगरणारे शेतकरी, धोंडे फोडणारे, कुणीही काही सापडलं की घेऊन यायचे. भिंतीवर सरकारी परवाना चौकटीत लावलेला, त्याखाली साहेब वही घेऊन बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कुठे सापडलं? खरं सांगा." खरं सांगणाऱ्याला चहा आणि मोबदला, खोटं सांगणाऱ्याला फक्त चहा. दुपारी घर असं शांत व्हायचं की ब्रशचा आवाज ऐकू यायचा. साहेब टाइपरायटरवर एकेका भांड्याचं कार्ड टाइप करायचे. त्यांचा नियम होता, भांड्याचं जे काही झालं ते सगळं कार्डावर हवं. कुठे सापडलं, कुणी आणलं, कधी पडलं, कुणी जोडलं.

आणि भांडणं! सांध्यावरून दोघांची रोज जुंपायची. तिला सांधा दिसता कामा नये, त्यांना दिसला पाहिजे.

"साहेब, दिसणारी रफू म्हणजे ठिगळ. माझ्या आईनं मला बडवली असती."

"बाई, तुमच्या आईसमोर मी ठिगळाची बाजू मांडीन. बोलवा त्यांना."

"त्या वरती गेल्या."

"मग मी गेल्यावर मांडतो."

असं रोज. कंडक्टर कधी रजा असली की तिला न्यायला यायचा आणि साहेबांना "पुढं सरका, जागा आहे" म्हणत बाकावर शेजारी बसायचा. साहेब त्याला तिकडच्या बर्फाच्या गोष्टी सांगायचे. सांगता सांगता थांबायचे. "आता तिथे मला ओळखणारं कुणी नाही," म्हणायचे, आणि कंडक्टर, जो एरवी कधीच गप्प बसत नसे, तो तेवढा वेळ गप्प बसायचा.

पंधराव्या वर्षी एका शुक्रवारी रस्त्याचं काम करणारा मुकादम टोपलीभर खापरं घेऊन आला. साहेबांनी टोपलीत हात घातला आणि वर काढला तो एक काठाचा तुकडा, लाल मातीचा, त्यावर हरणाचं डोकं. साठी ओलांडलेला माणूस, पण असा उडाला! "बाई! पाणी गरम करा! प्लास्टर काढा!"

रफूबाईनं पाणी गरम केलं. तिनं प्लास्टर भिजवलं, काढलं, पण डाव्या कडेवर थोडा पांढरा थर तसाच राहू दिला. मुद्दाम राहू दिला, हे तिनं स्वतःपासूनही कधी लपवलं नाही. साहेब श्वास रोखून शेजारी उभे. तिनं तुकडा जागी धरला. उजवीकडची कड तिनं कधी घासली नव्हती. तिथे तो टक होऊ लागला, बोटांना कळलं तिच्या, आणि आवाज व्हायच्या आत तिनं तुकडा उचलला. डावीकडे तर फट होतीच.

"बसत नाही, साहेब."

साहेबांनी स्वतः धरून बघितला. त्यांच्या डोळ्यांवर तेव्हाच पडदा यायला लागला होता, हातही थरथरत होते. डावीकडे हलत होता तुकडा. बराच वेळ त्यांनी तो धरला. मग म्हणाले, "दुसऱ्या वाडग्याचं दिसतंय. कडा जुळत नाहीत." आणि तो बेवारस खणात टाकला. ज्या खापरांचं भांडं सापडलं नाही ती सगळी त्या खणात जायची. रफूबाईनं नवं प्लास्टर कालवलं. त्या दिवशी घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि पोटभर रडली. तो म्हणाला, "मग सांग जाऊन." ती म्हणाली, "आणि उद्या कुठे जाऊ?" तिला त्या टेबलाखेरीज दुसरं काही नको होतं, खरी गोष्ट ही होती. गल्लीत ती एक रफू करणारी बाई होती. त्या खोलीत तिला विचारल्याशिवाय हजार वर्षांची भांडी हलत नसत.

आणखी अकरा वर्षं गेली. साहेबांचे डोळे जवळजवळ गेलेच. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून. भांडी मात्र अंगठ्यानं ओळखायचे. गुडघे गेले, छातीही धरायला लागली. शेवटी तिकडून त्यांची पुतणी आली, चांगली बाई, पण आठ दिवसांत तिनं ठरवून टाकलं की काकांना घेऊन जायचं. साहेबांनी सगळा संग्रह शहराच्या म्युझियमला लिहून दिला. म्युझियमच्या बाई आल्या, खोकी आली, भुसा आला, याद्या सुरू झाल्या. बाई हुशार होत्या, चटपटीत होत्या. बेवारस खण बघून म्हणाल्या, "हे आम्हाला नेता येणार नाही. जागा कुठे आहे? बागेच्या वाटेवर पसरून टाका, चिखल कमी होईल."

साहेबांनी खणात हात घालून खापरं चाळली. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मला त्यांचं घर सापडलं नाही. टाका." माळ्याला गुरुवारी सकाळी बोलावलं. आणि वाडग्याच्या कार्डावर त्यांनी लिहवून घेतलं, नववं हरण कुठे बघतंय ते कळत नाही.

बुधवारी संध्याकाळी कंडक्टर म्हणाला, "अगं, आता कशाला? आठवड्यात निघाले ते. इतकी वर्षं गेली, शेवटचा स्टॉप आला. उतरू दे त्यांना सुखानं." त्याचं चुकलं नव्हतं. सांगितलं तर जाता जाता म्हाताऱ्याच्या जिवाला घोर. नाही सांगितलं तर हरणाचं डोकं माळ्याच्या फावड्याखाली. आणि एक तिलाच माहीत असलेली गोष्ट जगातून जाणार.

गुरुवारी ती माळ्याच्या आधी पोहोचली. खणातून तुकडा काढला, पाणी गरम केलं, वाडग्याचं प्लास्टर काढलं, या वेळी कडेवरचा कणन् कण काढला. मग साहेबांना टेबलाशी बसवलं आणि त्यांचा अंगठा धरून वाडग्याच्या आतून फिरवला. कुंभाराच्या बोटांच्या आडव्या रेघा आत असतातच. रेघ वाडग्यावरून निघाली, फटीशी आली आणि तुकड्यावरून सरळ पुढे गेली.

"हे तेच आहे," साहेब म्हणाले. "बाई, हे तेच आहे! मग कड का..." अंगठा डाव्या कडेवर गेला. गुळगुळीत. अंगठा थांबला.

"मी घासली. दुसऱ्या महिन्यात. घड्याळजीच्या आधी."

"आणि रस्त्याचा मुकादम आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

साहेबांनी वाडगा खाली ठेवला, अगदी हळू. "तेव्हा मला दिसत होतं," ते म्हणाले.

एवढंच. ना शिवी, ना दार उघडणं. खुर्चीत मान वळवून खिडकीकडे तोंड करून बसले, जिकडे त्यांना नुसता उजेड दिसायचा. आचाऱ्यानं सूप आणलं ते तसंच परत गेलं. ती संध्याकाळपर्यंत दाराशी उभी राहिली आणि मग घरी गेली. 

सकाळी ती पुन्हा गेली. बोलावलं नव्हतं, पण सव्वीस वर्षं जाणारे पाय, ते गेले. साहेब टेबलाशीच होते, पुढ्यात वाडगा आणि तुकडा. तिच्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला.

"बसा. मला सांगा, कसं दिसतं ते. मी ते डोकं मिनिटभर बघितलं होतं आणि टाकून दिलं, आता आठवतच नाही. काही गाळू नका. काही घालू नका."

बोलणं हे नवऱ्याचं काम, तिचं नव्हे. पण ती बोलली. तासभर बोलली. कान कसे मागं पडलेत, डोळा कसा अर्धा मिटलाय, गळ्याला दोन वळ्या कशा पडल्यात, एक शिंग दुसऱ्यापेक्षा कसं आखूड झालंय, कुंभाराचा हात घसरला असणार. साहेब डोळे मिटून ऐकत होते.

"आणि बघतंय कुठे? शिकाऱ्याकडे ना?"

आता आली का पंचाईत! तिनं तुकडा हातात फिरवला.

"बाई."

"साहेब, ते बघत नाहीये. पाठ खाजवतंय."

"काय?"

"त्याच्या पाठीवर तांदळाएवढा उंचवटा होता. खडा समजून मी तो घासला. ते त्याच्या तोंडाचं टोक होतं, साहेब. पाठीला टेकलेलं. आता तिथे फट आहे, कुणाला कळणार नाही. पण मी बघितलं होतं. माझ्याखेरीज कुणीच बघितलेलं नाही."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडताहेत. हसत होते! हसता हसता ठसका लागला, आचारी पाणी घेऊन धावत आला, पुतणी वरून धावत आली, तरी हसत होते. "खाज!" ते म्हणत होते. "मी तीन लेख लिहिले! भीतीवर! दोन प्राध्यापकांशी भांडलो! आणि त्याला खाज सुटली होती!" पुतणीला काहीच कळेना. रफूबाई हसत होती आणि रडतही होती, कुणाला काय दिसेल ते दिसो.

शांत झाल्यावर साहेबांनी तिचा हात शोधला, धरला. "तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी तुम्हाला काढून टाकलं असतं. नक्की काढलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "मग मी सव्वीस वर्षं कुणाशी भांडलो असतो? पण मला ते बघायचं होतं, बाई. ते मी तुम्हाला माफ करू शकत नाही. दोन्ही खरं आहे."

"हो साहेब," ती म्हणाली.

मग त्यांनी नवं कार्ड लिहायला सांगितलं आणि ते तिच्याच हातानं. नवव्या हरणाची डावी कड सांधणाऱ्या बाईंनी घासली, त्यामुळे फट राहिली आहे. हरण पाठ खाजवत आहे, हे त्याच बाईंनी पाहिले आहे. फट भरू नये. तिनं तुकडा लावला, फट तशीच ठेवली, वाडगा वाळूत खोचला. मंगळवारी पुतणी साहेबांना घेऊन गेली. हिवाळ्यात तिकडून पुतणीचं पत्र आलं, दोन ओळींचं, काका वारले म्हणून. आचाऱ्यानं ते वाचून दाखवलं आणि मग दोघं बराच वेळ त्या रिकाम्या टेबलाशी बसून राहिले. असलं माणूस आता होत नाही.

म्युझियमचं दालन उघडायला दोन वर्षं लागली. कंडक्टर तिला घेऊन गेला. वाडगा बरोबर मधोमध, काचेत, दिव्याखाली. तिनं बघितला आणि तिचं डोकंच फिरलं. फट भरली होती! इतकी सफाईनं, रंग असा हुबेहूब, की कुठे काही झालं होतं हे ब्रह्मदेवालाही कळू नये. हरणाची पाठ गुळगुळीत, तोंड अधांतरी, आणि खाली छापलेली पट्टी, 'भयाने मागे वळून पाहणारे हरण'.

आयुष्यभर जिनं सांधे लपवायला जीव टाकला ती बाई थेट म्युझियमच्या बाईंच्या खोलीत शिरली. "ते उघडा," म्हणाली.

"आजी, उलट किती सुंदर झालंय. तुमची चूक कुणाला दिसतही नाही."

"म्हणूनच म्हणते, उघडा. साहेबांना ते बघता आलं नाही ते माझ्यामुळे. ते झाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? कार्ड वाचलंत का त्यांचं?"

बाईंनी कार्ड मागवलं. आजवर ते कुणी वाचलंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही कराल का?"

तीन दिवस लागले. हात पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण कोमट पाणी, सुई आणि सबुरी असली की प्लास्टर निघतं. फट उघडी झाली. पट्टी बदलली.

चौथ्या दिवशी ती कपाटासमोर उभी होती. एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली, वाकून वाडगा बघितला, पट्टी वाचून हसली आणि मग तिची नजर डाव्या कडेवर गेली.

"इश्श, एवढी फट! कुणी जोडलंय हे?"

"मी," रफूबाई म्हणाली. "आणि फटही माझीच आहे."